सासूबाईंची व्हिडिओवर डॉक्टरांची अपॉइंटमेंट: आधी काय तयारी करू?

तिखटमीठ | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या. बीपी जुनं, शुगर पाच-सहा वर्षांपासून, आणि गेल्या दिवाळीनंतर मुंबईला अँजिओप्लास्टी झाली. तिथले डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघतात. या खेपेला म्हणाले, एक आड एक वेळ व्हिडिओवर चालेल. आम्हाला आनंदच झाला, कारण मुंबईला जायचं म्हणजे पहाटे चारला उठून नाशिकरोड गाठायचं, पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरहून टॅक्सी, मग तीन तास बाकड्यावर बसून आत दहा मिनिटं. घरी येईस्तोवर आईंचा जीव नकोसा होतो.

तर पहिला व्हिडिओ कॉल काल झाला आणि पार फज्जा उडाला. फोन ओट्यावर तुरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मागे खिडकी, त्यामुळे आई म्हणजे नुसती काळी सावली. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? आई म्हणाल्या, "काही नाही, बरंय सगळं." मागून अण्णा, म्हणजे सासरे: "पाय सुजतात तिचे." आई: "ते आपलं थोडंसं." बीपी किती, म्हणाले. मशीन शोधलं तर सेल संपलेले. फाइल नवऱ्याच्या कपाटात, नवरा सातपूरला सेकंड शिफ्टला. तेवढ्यात नणंदेचा फोन आला आणि व्हिडिओ बंदच पडला!

परत जोडल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यातून मला काही कळत नाहीये. पुढच्या गुरुवारी साडेपाचला पुन्हा बोलू, पैसे नकोत." इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, काय काय तयार ठेवायचं?

पासधारक | शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, डाळीचा डबा सगळ्यांच्याच घरी असतो :) आमच्याकडे कुकर होता.

उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. आईंना खिडकीकडे तोंड करून बसवा. फोन हातात धरू नका, हात थकला की डॉक्टरांना पंखा दिसतो. ज्या फोनवर व्हिडिओ आहे तो नंबर नातेवाइकांना माहीत नसलेला असेल तर उत्तम, नाहीतर अर्धा तास आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि नणंदबाईंना आधीच कळवा. कमी ऐकू येत असेल तर वायरवाले इअरफोन. आदल्या दिवशी त्याच खुर्चीवर बसून त्याच वेळेला कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघा. साडेपाचला तुमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत असेल तर ते सकाळी कळणार नाही.

आणि लाइट गेली तर वायफायही जातं. मोबाइलचा डेटा चालू आहे ना, हे बघून ठेवा.

पंचवटीकर | शुक्रवार, रात्री ११:२५

फोनचं पासधारकांनी सांगितलं. मी बीपीबद्दल लिहितो, कारण आमच्या वडिलांची गोळी एकदा उगाच वाढली होती आणि त्याला आम्हीच जबाबदार होतो.

वडील रामकुंडावरून फिरून यायचे, जिना चढायचे, की मी लगेच दंडाला पट्टा गुंडाळायचो. त्यात त्यांचं बोलणं चालूच. आकडा १६० च्या पुढे. तेच आकडे वहीत, तीच वही डॉक्टरांना. पुढे एका सिस्टरबाईंनी घरी येऊन दाखवलं तेव्हा डोळे उघडले. आधी लघवीला जाऊन यायचं. अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू काही नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, मांडी घातलेली नको की पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, आणि उघड्या दंडावर. सदऱ्याची बाही वर सारून तिची घट्ट वळी झाली असेल तर तीही नको. मशीन चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. एका मिनिटाने परत मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे.

त्या पद्धतीने मोजलं तर वडिलांचं १३८ आलं. त्याच दिवशी, त्याच मशीनवर.

तुमच्याकडे गुरुवारपर्यंत सहा दिवस आहेत. रोज सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि रात्री, असे आकडे तारीख-वेळेसकट लिहा. एकच आकडा दाखवला की डॉक्टर त्यावर विश्वास ठेवायला कचरतात, आणि बरोबरच आहे.

द्राक्षबाग | शनिवार, सकाळी ६:५०

शुगरचंही असंच आहे. आमचा मळा निफाडकडे. फेब्रुवारीत माल काढणी चालू होती. आईने बागेत दिवसभर तोडणी केली, संध्याकाळी पदराला हात पुसले आणि बोटाला सुई टोचली. ३४०! घरात रडारड. भाऊ गाडी काढायला निघाला. माझ्या बायकोला सुचलं, तिने आईचे हात साबणाने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १५२.

बोटाला द्राक्षाचा रस होता, दुसरं काही नाही. तेव्हापासून आमच्याकडे मशीनच्या डबीला साबणाची वडी रबराने बांधून ठेवली आहे, म्हणजे विसरायला नको.

स्ट्रिपची मुदत पण बघा. डबीचं झाकण उघडं राहिलं तर स्ट्रिपा खराब होतात.

पासधारक | शनिवार, सकाळी ९:०५

साबण रबराने बांधलेला! काका, फोटो टाका.

सर्वज्ञ_नाशिककर | शनिवार, दुपारी १२:३०

पाय सुजतात म्हणजे बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू असणार. माझ्या मावशीला अगदी हेच झालं होतं. ती गोळी चार दिवस बंद करून बघा, सूज उतरते. डॉक्टरला विचारायचीही गरज नाही.

फाट्यावरचा_डॉक्टर | शनिवार, दुपारी २:१५

सर्वज्ञ, तुमचा प्रतिसाद वाचून जेवण अर्धं टाकून आलो.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते हे खरं. पण सूज हृदयामुळे येते, मूत्रपिंडामुळे येते, थायरॉइडमुळे येते, दुसऱ्या औषधांमुळेही येते. अँजिओप्लास्टी झालेल्या बाईची गोळी अशा ऑनलाइन धाग्यावरून बंद करायची नसते. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, त्या स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ताई, यातलं काही बंद करू नका.

आता सूज व्हिडिओवर कशी दाखवायची ते सांगतो. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबा आणि सोडा. खड्डा राहिला तर लगेच फोटो काढा, उजेडात, फ्लॅश न मारता. सकाळी उठल्यावर एक आणि रात्री झोपताना एक. दोन्ही पायांना आहे की एकाच, ते लिहा. एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल तर गुरुवारची वाट बघू नका, जवळच्या दवाखान्यात आजच दाखवा, कारण शिरेत गुठळी असू शकते.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा. हृदयाच्या पेशंटचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते तूप खाऊन वाढलेलं नसतं, पाणी साचलेलं असतं. आणि आईंना विचारा, रात्री उशाला किती उशा घेता? पूर्वी एक होती आणि आता तीन लागतात, हे पेशंट कधी आपणहून सांगत नाही. मला मात्र त्या एका उत्तरावरून पुष्कळ कळतं.

खडूस_आजोबा | शनिवार, दुपारी ४:००

हे व्हिडिओबिडिओ सगळं नाटक आहे. आमचे भद्रकालीतले डॉक्टर आधी जीभ बघायचे, मग पोट दाबायचे, पापणी ओढायचे, आणि तीन पुड्या द्यायचे. फोनवर नाडी बघणार का?

फाट्यावरचा_डॉक्टर | शनिवार, सायंकाळी ५:२०

आजोबा, नाडी नाहीच बघता येत. पोट दाबता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. म्हणून तर नव्या पोटदुखीला मी व्हिडिओ घेतच नाही, या म्हणतो.

नियमही तसेच आहेत. केंद्राने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. त्यात स्पष्ट म्हटलंय की फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टरने प्रत्यक्ष बोलवायचं. बरीचशी औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर बघूनच लिहिता येतात, नुसत्या फोनवर नाही. मॉर्फिनसारखी नार्कोटिक औषधं तर लिहायचीच नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा, पेशंटचं नाव आणि वय हवं. ताईंच्या सासूबाईंना त्या डॉक्टरांनी आधी तपासलेलं आहे, म्हणजे हा फॉलोअप झाला. त्याला व्हिडिओ चांगला चालतो.

आणि छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट गुरुवारची असो की पाच मिनिटांनंतरची, सरळ १०८. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. पहिला तास लोक तळवे चोळण्यात घालवतात.

डोंगरवाट | रविवार, सकाळी ८:१०

थोडं अवांतर. मी सुरगाण्याकडे सरकारी आरोग्य उपकेंद्रात काम करते. आमच्याकडे ई-संजीवनीवर, म्हणजे डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडून देणाऱ्या सरकारी सेवेवर, रोज कॉल लागतात. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ही सेवा आणली, एप्रिल २०२० पासून घरून स्वतःच्या मोबाइलवरही जोडता येते, आणि फुकट आहे. इकडे मात्र घरून जोडणं अवघड, रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. म्हणून लोक उपकेंद्रात येतात आणि आम्ही जोडून देतो. बीपी, ताप, शुगर आधीच मोजून टाकलेलं असतं.

मला जाणवलेली एक गोष्ट सांगते. आजी माझ्याशी तासभर बोलते, गुडघ्यापासून नातवाच्या लग्नापर्यंत. डॉक्टर स्क्रीनवर आले की पदर सावरते आणि म्हणते, "बरं हाय." म्हणून मी हल्ली जोडणी व्हायच्या आधी तिच्याच शब्दांत कागदावर लिहून घेते. "जेवल्यावर इथं जळतं", "चढ चढताना दोनदा थांबते". मग डॉक्टरांसमोर ती थबकली की तिचंच वाक्य तिला वाचून दाखवते. ती म्हणते, "हां, तेच." आपण आपल्या शब्दांत ॲसिडिटी म्हणून टाकलं की ते "तेच" राहत नाही.

ताई, तुमच्या आईंचं "ते आपलं थोडंसं" वाचून हे आठवलं.

तिखटमीठ | रविवार, सकाळी ११:००

डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डॉक्टर, दोन्ही पायांना आहे, पोटरी दुखत नाही. खड्डा पडतो. फोटो काढले. उशा एकच. बीपी पंचवटीकरांच्या पद्धतीने मोजलं तरी १५४, १५०. गोळ्यांची यादी फाइलवरून उतरवून काढली, सुवाच्य अक्षरात, नाव, ताकद, वेळ. मागच्या रक्ततपासण्यांचे पीडीएफ लॅबकडून मागवले. अजून काही?

रानवारा | रविवार, दुपारी १:४५

यादी छान, पण फाइलवरून काढू नका. मी मेडिकल दुकानात सतरा वर्षं काउंटरला आहे, म्हणून सांगतोय. फाइलमध्ये डॉक्टरने काय लिहिलं ते असतं. माणूस काय खातो ते त्याच्या डब्यात असतं. दोन्ही सारखं असलेलं मी फार कमी घरांत पाहिलंय.

मागच्याच महिन्यात एक काका आले, दोन पट्ट्या हव्या म्हणाले, दोन वेगळ्या नावांच्या. मागे वाचलं तर दोन्हीत बीपीचं तेच औषध, टेल्मिसार्टन ४०. एक जुन्या डॉक्टरची, एक नव्याची. चार महिने दोन्ही खात होते आणि उठलं की चक्कर येते म्हणत होते.

तेव्हा गुरुवारी आईंचा डबा जसा आहे तसा टेबलावर ओता. पट्ट्या, सिरप, चूर्ण, कुणी दिलेला काढा, डोळ्यात घालायचे थेंब, सगळं. पट्टीची मागची बाजू दाखवा, घटक तिथे असतो. कापलेल्या पट्टीवर नाव उरलेलं नसतं, तेव्हा पुढल्या वेळी नावाच्या बाजूने कापू नका.

सर्वज्ञ_नाशिककर | रविवार, दुपारी ३:१०

माझा सल्ला मागे घेतो. मावशीला डॉक्टरांनीच गोळी बदलून दिली होती, हे आता तिला विचारल्यावर कळलं.

कॉलेजरोडची_काकू | सोमवार, रात्री ९:३०

एक सावधगिरी. माझ्या दिरांनी एका मोठ्या दवाखान्याचा नंबर गुगलवर शोधला, वरच जो आला तो लावला. गोड बोलणारी मुलगी. अपॉइंटमेंट पक्की करायला फक्त दहा रुपये भरा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवते. लिंक उघडली तर ॲप उतरवा म्हणे. उतरवलं. संध्याकाळपर्यंत खात्यातून अठ्ठेचाळीस हजार गेले. नंबर दवाखान्याचा नव्हताच.

लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून काही रक्कम गोठवता आली. नंबर नेहमी जुन्या फाइलवरचा किंवा पावतीवरचाच घ्या. कुठलाही दवाखाना अपॉइंटमेंटसाठी असं लिंकवरून ॲप (एपीके फाइल) उतरवायला सांगत नाही.

पासधारक | मंगळवार, सकाळी ७:२०

गाडीतून लिहितोय, इगतपुरी गेली, आता रेंज जाईल. ताई, बोलणार कोण हे घरात आधी ठरवा. माझ्या घरी चौघं एकदम बोलतात. तुमच्याकडे अण्णा

पासधारक | मंगळवार, सकाळी ८:०५

(घाट उतरलो.) अण्णा आईंच्या वतीने बोलतात असं दिसतंय. पहिली दोन मिनिटं आईंना एकटं बोलू द्या. अण्णांना दूध आणायला पाठवा.

तिखटमीठ | शुक्रवार, दुपारी २:४०

झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, तुमचा हक्क आहे.

अण्णांना दूध आणायला पाठवलं. गेले, पण पिशवी विसरले म्हणून परत आले. परत पाठवलं. आईंना हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून बसवलं, फोन पुस्तकांच्या ढिगावर. डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, "आज दिसताय तुम्ही."

बीपीची वही दाखवली, सहा दिवसांचे आकडे, बहुतेक १४८ ते १५६. वजन सहा दिवसांत तेवढंच. खड्ड्याचे फोटो आधीच पाठवले होते. त्यांनी उशांचं खरंच विचारलं. मी मनात म्हटलं, फाट्यावरचे डॉक्टर, तुम्ही ग्रेट आहात.

मग माझी सुवाच्य यादी वाचली. सात गोळ्या. ते म्हणाले, ठीक आहे, सगळं बरोबर. तेवढ्यात मला रानवारांची आठवण झाली. म्हटलं, आई, तुमचा डबा आणा ना. आईंचा डबा म्हणजे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा, झाकणावरचं चित्र पुसलेलं. आई म्हणाल्या, "त्यात काय बघायचंय, त्याच गोळ्या." उठेनात. मीच आणला आणि ओतला. सात पट्ट्या, सुईदोरा, दोन सेफ्टी पिना, त्र्यंबकचा अंगारा, आणि एक आठवी पट्टी. अर्धी संपलेली.

डॉक्टर म्हणाले, ती उलटी करा, कॅमेऱ्याजवळ आणा. मागे डायक्लोफेनॅक लिहिलेलं. गुडघ्यासाठी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली, दोन महिन्यांपासून, रोज एक, कधी दोन.

आईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जिना चढवत नाही गं. ह्यांना कळलं की मुंबईला नेतील पुन्हा, ऑपरेशन सांगतील." आणि मग डॉक्टरांशी जे बोलायला लागल्या ते थांबेनात. गुडघा, जिना, रात्रीचे पेटके, मुंबईच्या बाकड्याची भीती. अण्णा दूध घेऊन दारात उभे, आत येईनात.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, असल्या वेदनाशामक गोळीने अंगात पाणी धरतं, पाय सुजतात, बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळं होतं का, तेही विचारलं. नाही म्हणाल्या. ती गोळी आजपासून बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला किती ते लिहून दिलंय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन उद्याच करायचं. बीपीची कुठलीही गोळी वाढवली नाही, दहा दिवसांनी वही पुन्हा दाखवायची. गुडघा इथेच नाशिकमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मुंबईला आणायची गरज नाही म्हणाले. ते ऐकून आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

सकाळी रक्त देऊन आलो.

फाट्यावरचा_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी ३:३०

क्रिएटिनिन काय येतं ते इथे नको, त्यांच्या डॉक्टरांना लगेच कळवा, दहा दिवस थांबू नका. आणि पायरीला कठडा लावून घ्या.

रानवारा | शुक्रवार, सायंकाळी ७:००

डबा ओतलात, बरं केलंत. आमच्या धंद्यातलेच लोक ती पट्टी न विचारता देतात, याची मला लाज वाटते. मीही दिलीय पूर्वी.

डोंगरवाट | शुक्रवार, रात्री ८:४५

अण्णा दारात दूध घेऊन उभे :)

खडूस_आजोबा | शनिवार, सकाळी ७:३०

नाटक म्हणालो ते तूर्त बाजूला ठेवा. आमच्या हिने बीपीचं मशीन मागवलंय. माझा दंड जाड, पट्टा जेमतेम चिकटतो आणि मधेच फट्कन सुटतो. चालेल का तसंच?

पंचवटीकर | शनिवार, सकाळी ८:००

नाही चालणार आजोबा, पट्टा लहान पडला की आकडा जास्त येतो. शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर आतल्या बाजूला सेंटिमीटर छापलेले असतात, त्यात बसत नसेल तर मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मिळतो.

खडूस_आजोबा | शनिवार, सकाळी ८:२०

३६ भरला. पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय. परत करतो.